कुसुमची चंद्राची पोथी

बसा मंडळी. मागे उभे आहेत त्यांनीही बसा, सतरंजी पार दारापर्यंत टाकली आहे. उभं राहून दुःख कमी होत नाही, पाय तेवढे दुखतात.

मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. शोकसभेत आमच्या गल्लीतल्या बाया मागे बसतात, पदर डोळ्यांना लावतात आणि उठून घरी जातात. आज मी पुढे आले. कुसुमच्या मालकांकडे, वसंतभाऊंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, म्हणून आले. माझी शाळा दुसरीत सुटली. तेव्हा भाषण येईल असं धरून बसू नका. मधे कधी थांबावं लागेल. कुणी पाण्याचा तांब्या घेऊन धावू नका. थांबेन आणि परत बोलेन.

माझ्या आधी वाचनालयाचे साहेब बोलले. चांगलं बोलले. म्हणाले, कुसुमताईंनी वाचनाची आवड जोपासली. साहेब, राग मानू नका. तुळस जोपासतात. कुसुमला आवड नव्हती, कुसुमला खूळ होतं. आणि खूळ सुद्धा कसलं? संतांच्या गोष्टींचं नाही, राजाराणीचं नाही. चंद्रावर जाणाऱ्या माणसांचं. मंगळावरच्या लोकांचं. पोटात माणसं घेऊन आभाळात उडणाऱ्या लोखंडी पिंपांचं. धुळ्यात, आमच्या गल्लीत, जिथे नळाला पाणी येईल की नाही ते सांगता येत नाही, तिथे ही बाई मला सांगायची, सिंधू, शनीला कडी आहेत. मी म्हणायचे, बरं झालं, घागर अडकवायला कामी येतील.

ती हसायची. तोंडावर हात न घेता हसायची. सासरी सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण शेवटपर्यंत तिनं हात काही घेतला नाही.

ती चाळीसगावची. वडील रेल्वेत होते. गाड्या तिथे थांबतात, माणसं उतरतात, डब्यात मासिकं विसरून जातात. ती मासिकं वडील घरी आणायचे. कुणाला दागिने मिळतात माहेरून, हिला लोकांनी टाकलेली मासिकं मिळाली. आणि ती तरी धड कुठे? कुणी पुढचं पान फाडून चणे बांधलेले, कुणी शेवटच्या पानानं लेकरांची नाकं पुसलेली. गोष्ट निम्मी वाचायला मिळायची. माणूस चंद्रावर उतरला, दार उघडलं, आणि पान संपलं. पुढे काय? पुढचं हिनं स्वतःच्या मनानं लावायचं. लहान भावंडांना तसंच सांगायचं. ती सवय हिला तिथली. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी परत तिच्यावर येणार आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमचं पापडांचं कसं असतं. उन्हाळ्यात उडदाचे पापड कुणी एकटी करत नाही. आज माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी. सगळ्या बाया पोळपाट लाटणं घेऊन येतात, एकीचे पापड सगळ्या मिळून लाटतात. जिनं दुसरीकडे लाटलं तिच्याकडे बाकीच्या येतात. साधा हिशेब.

कुसुम लग्न होऊन आली आणि थोड्याच वर्षांत तिच्या बोटांना संधिवात धरला. बोटं वाकडी झाली. तशीच यायची लाटायला. एका उन्हाळ्यात मी तिचा पापड उचलून उजेडात धरला. म्हटलं, कुसुम, तू पापड लाटतेस की सूड घेतेस? बाया हसल्या. ती नाही हसली. लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग माझ्या घरी पण कुणी येऊ नका. फुकटचे पापड मी घेणार नाही."

मानी होती. फार मानी होती.

मी म्हटलं, फुकट कोण देतंय? तू वाच काहीतरी. आम्ही लाटतो, तू वाच. तोंड तर वाकडं नाही ना झालं तुझं? नाहीतर ह्या बाया दुपारभर माझ्या सासूची निंदा करतात आणि ती आत पडल्या पडल्या सगळं ऐकते, संध्याकाळी मला भोगावं लागतं.

हे असं सुरू झालं. त्यात काही थोर विचार नव्हता. माझ्या सासूच्या कानामुळे सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी कुसुम पुस्तक घेऊन आली. आम्हाला वाटलं पोथी असेल. दुसरं काय वाचतात बायांमध्ये बसून? आमच्या अक्का, त्या पुढे भिंतीला टेकून बसल्यात त्या, पारोळ्याकडच्या, त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं, पिठाचे हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. अगदी पोथीला बसतात तशा. आणि कुसुमनं वाचायला सुरुवात केली. यानाची दारं बंद झाली. खालून ज्वाळा निघाल्या. धरती हादरली. आणि यान चंद्राकडे निघालं.

अक्कांनी हात जोडलेलेच. त्यांना वाटलं पुष्पक विमान आहे.

तो अध्याय संपला तेव्हा अक्कांनी विचारलं, "या पोथीनं फळ काय शे वं, कुसुम?"

खरंच आहे ना. पोथी वाचली की शेवटी फळ सांगतात. पुत्रप्राप्ती, धनप्राप्ती, रोगनाश. ह्या पोथीचं काय? आम्ही सगळ्या पदरात तोंड घालून हसत होतो. कुसुम हसली नाही. अक्कांचा मान तिनं कधी मोडला नाही. विचार करून म्हणाली, "अक्का, ह्या पोथीचं फळ एकच. संध्याकाळी वर बघायचं."

आणि अक्का बघायला लागल्या. संध्याकाळी गच्चीवरचे पापड गोळा करायला गेलो की अक्का कमरेवर हात ठेवून वर बघायच्या. मग आम्हीही. चूल पेटवायची, पाणी भरायचं, पोरं रडताहेत, आणि आम्ही गच्चीवर माना वर करून. माझे मालक खालून ओरडायचे, "अगं, आज तिकडेच जेवायचं आहे का?" मी वरून सांगायचे, "हो, यान आलं की जाते. डब्यात भाकरी आहे, खाऊन घ्या."

मला विचारा, मी ह्याच्या आधी आभाळाकडे कधी बघितलं होतं? बघायचे की. पाऊस येतो का ते बघायचे. पापड झाकायचे का ते बघायचे. आभाळाकडे काही काम नसताना बघतात, हे मला कुसुमनं शिकवलं.

तिला जुन्या गोष्टी आवडायच्या. माणूस खरंच चंद्रावर जाऊन आला त्याच्याही आधी लिहिलेल्या. ज्यात चंद्रावर गुहा असतात, गुहेत राण्या असतात, यानाला पितळी दांडे असतात आणि शास्त्रज्ञ कोट घालून, पेटी घेऊन यानात चढतो, जसा काही मुंबईला निघालाय. एकदा आमच्या गल्लीतल्या मंदानं विचारलं. मंदा शिकलेली, आठवी झालेली. म्हणाली, काकू, चंद्रावर तर नुसती माती निघाली. मग ह्या गोष्टी खोट्याच ना?

कुसुम म्हणाली, "चुकल्या आहेत. खोट्या नाहीत. कुणी गेलं नव्हतं तेव्हा घरात बसून ज्यानं वाट सांगितली, त्याची वाट थोडी चुकणारच."

मी म्हटलं, थोडी कसली, आमचे पाहुणे डोळ्यांनी घर बघून गेलेले असतात तरी पुढच्या वेळेला भलत्याच घरात शिरतात.

शब्दांची तर तिला चटकच होती. तिच्याशी सरळ बोलायची सोय नव्हती. पापड वाऱ्यानं उडून खालच्या आबांच्या टोपीवर पडला, तर हिनं गच्चीवरून हाक मारली, "आबा, घाबरू नका, उडती तबकडी आहे, आतले लोक उडदाचे आहेत!" आबा तेव्हापासून आमच्या गच्चीखालून छत्री घेऊन जायचे. उन्हाळ्यात. आज ते नाहीत, नाहीतर त्यांनी स्वतःच सांगितलं असतं.

कोडी घालायची. पाय नाही तरी पळे, पंख नाही तरी उडे, पोटात माणसं घेऊन आभाळाला भिडे. सांगा काय? मी म्हटलं, पारोळ्याची एस.टी. ती म्हणाली, ती उडते का? म्हटलं, मागच्या बाकावर बसून बघ एकदा.

आणि उखाणे! लग्नात, बारशात, हळदीकुंकवाला, बाया तेच ते चांदीचं ताट आणि सोन्याची वाटी घेऊन बसायच्या. कुसुमची पाळी आली की सगळ्या गप्प व्हायच्या. चंद्रावर नाही हवा, मंगळावर नाही पाणी, वसंतरावांच्या घरात मात्र दोन्हींची आणीबाणी. वसंतभाऊ, तुम्ही दाराआड उभे होतात तेव्हा. तुम्हाला वाटलं कुणी बघितलं नाही. मी बघितलं. तुम्ही उपरण्यात तोंड लपवून हसत होतात.

मलाही एक करून दिला होता. मला येत नव्हते उखाणे. मी नुसतं नाव घेऊन मोकळी व्हायचे, जसं काही हजेरी घेतेय. तर हिनं दिला. रॉकेटला लागतो जाळ, चुलीला लागतं सरपण, पंडितरावांना हाक मारते, ऐकतच नाहीत पण. आमचे हे अजून म्हणतात, त्या कुसुमनं मला गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. आज इथे येताना मात्र हेच माझ्या आधी चपला घालून उभे होते.

थांबते जरा.

हं.

आता एका दुपारची गोष्ट सांगते. त्या दिवसासाठीच मी इथे उभी आहे, बाकीचं नुसतं तोंड उघडायला होतं.

पापड माझ्या घरचे होते. कुसुम एक मोठी गोष्ट वाचत होती, पुष्कळ दिवस चाललेली. एक माणूस दूरच्या ताऱ्याकडे निघतो. नवीन लग्न झालेलं. घरी बायको. यान इतकं जोरात पळतं की यानातला काळ हळू चालतो. तिकडे त्याचे थोडेसे दिवस जातात, इकडे आपली वर्षंच्या वर्षं जातात. हे कसं ते मला विचारू नका. कुसुमनं लाट्या मांडून समजावलं होतं, एक लाटी यान, एक लाटी धुळे. तेव्हा समजलं होतं. आता सांगता येत नाही.

तो माणूस निघाला तिथेच अक्कांनी गोष्ट अडवली होती. म्हणाल्या, "त्याले दशम्या कोनी बांधी दिन्यात?"

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला दशम्या बांधून देतात. दुधात पीठ भिजवून केलेल्या, टिकतात. दशमीवाचून माणूस जळगावला जात नाही, हा ताऱ्यावर निघालाय. कुसुम म्हणाली, अक्का, तिकडे गोळ्या असतात, एक गोळी खाल्ली की पोट भरतं. अक्का भडकल्या. "इतला वरीस गोळ्या खाईसन कोनी जगस का? घरमा बाई नही का त्याना?" इतकी वर्षं गोळ्या खाऊन कोण जगतं, घरात बाई नाही का त्याच्या! दशम्या बांधल्याशिवाय अक्का काही यान सुटू देईनात. लाटणं आडवं धरून बसल्या. मग कुसुमनं पान मागे उलटलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "हां, हे बघा, आहे इथे. माझीच नजर चुकली. बायकोनं दशम्या बांधल्या, फडक्याला गाठ मारली आणि त्याच्या हातात दिल्या." अक्का म्हणाल्या, आता जाऊ दे त्याले.

मग तो गेला. ताऱ्यावर पोचला. काय काय बघितलं. आणि त्या दुपारी तो परत येणार होता.

कुसुम वाचत होती. यान उतरलं. गाव बदललेलं. ओळखीचं कुणी नाही. घराच्या रस्त्याला लागला. ह्याचे केस काळे, चाल तीच. ओट्यावर एक म्हातारी बसलेली, सुपात तांदूळ निवडत. दात पडलेले. डोळ्यांना कमी दिसतं. त्यानं बघितलं, त्याला कळेना ही कोण. त्याला वाटलं बायकोची आजी असेल. तिनं मान वर केली. एवढ्या वर्षांनी. आणि म्हणाली, "आलात? दशम्या पुरल्या का?"

मंडळी, लाटणी थांबली.

तुम्हाला कळणार नाही त्यात काय आहे. लाटणी कधी थांबत नाहीत. बाई बोलते, हसते, रडते, पोराला पाजते, लाटणं चालूच असतं. पीठ थांबत नाही ना कुणासाठी. लाट्या उघड्या राहिल्या की कडक होतात. पण त्या दुपारी सगळी लाटणी एकदम थांबली. कुणी सांगितलं नाही. सगळ्या गप्प. अक्का गप्प. मंदा गप्प. आत माझी सासू खोकत होती, ती सुद्धा थांबली.

ती शांतता मीच तोडली. मला दम धरवत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, बायांनो, पीठ वाळतंय.

आणि परत खडखड सुरू झाली.

त्यानंतर काळ बदलला. यानातला नाही, आपला. तयार पापड दुकानात मिळायला लागले, सगळे एका मापाचे, जसे काही पोलीस भरतीला उभे. दुपारी टीव्हीवर मालिका लागायला लागल्या. मंदा म्हणायला लागली, मावशी, लाटू या पण टीव्हीसमोर लाटू. एकेक बाई कमी झाली. गेल्या उन्हाळ्यात पाट थोडेच मांडले होते. कुसुम तरी यायची, पुस्तक पिशवीत घालून. टीव्हीचा आवाज शेजारून येतोय, आणि ही वाचतेय. मी म्हटलं, कुणासाठी वाचतेस एवढी ओरडून? ती म्हणाली, "अक्का आहेत ना. तू आहेस ना. ताऱ्यावर सुद्धा एवढीच माणसं जातात."

मग तिच्या फुफ्फुसात पाणी झालं. दवाखान्यात ठेवलं. सुनी, तिची लेक, जळगावहून यायची, पण तिला नोकरी, लेकरं. दुपारी मी बसायचे. कुसुमच्या हातानं पुस्तक धरवत नव्हतं. दोन वाक्यं बोलली की धाप लागायची. एके दिवशी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "वाच."

मी म्हटलं, वेडी आहेस का? मी लग्नपत्रिका वाचते ती पण फक्त तारखेपुरती.

"वाच. मी कुठे पळून चाललेय?"

तीच गोष्ट होती. ताऱ्याकडे जाणाऱ्या माणसाची. मी बोट ठेवून वाचायला लागले. बैल घाट चढतो तशी. जोडाक्षर आलं की थांबायचे. कुसुम डोळे मिटून सांगायची, "पुढे चल, तो दगड आहे, ओलांड." असे पुष्कळ दिवस गेले. तो यानात बसला. मी बोट फिरवतेय, फिरवतेय, म्हटलं, कुसुम, दशम्या कुठे आहेत? एक पान राहिलं वाटतं. ती डोळे न उघडता हसली. म्हणाली, "नाहीत. त्या अक्कांच्या आहेत."

मी म्हटलं, म्हणजे छापलेलंच नाही?

"गोळ्या छापल्यात."

मग शेवटचं पान आलं. मला ते लवकर गाठायचं होतं. ओट्यावरची म्हातारी मला बघायची होती. मी बोट ठेवून वाचलं. आणि तिथे काय होतं सांगू? तिथे ओटा नव्हता. सूप नव्हतं. एकच ओळ होती. तो परतला तेव्हा त्याची पत्नी केव्हाच वारली होती.

बस. एवढंच. पुढे त्याच्या यानाचं वर्णन.

मी रागानं पुस्तक पांघरुणावर टाकलं. म्हटलं, कुसुम, तू आम्हाला फसवलंस! एवढ्या वर्षांपूर्वी! ती तर मेलेली आहे!

तिला धाप लागली होती. तरी म्हणाली. "एवढ्या बायांसमोर कसं वाचू सिंधू? सगळ्या नवरा, लेक, कुणाची ना कुणाची वाट बघणाऱ्या. एका ओळीत मारून टाकू तिला? अक्का लाटणं घेऊन उठल्या असत्या." चाळीसगावची ती सवय, मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, ती ही.

मग म्हणाली, "ह्या उन्हाळ्यात तू वाच."

मी म्हटलं, तू घरी चल, तूच वाच. ती म्हणाली, "हो म्हण ना. नुसतं म्हण." मी पांघरूण नीट करायला लागले. तिनं वाकड्या बोटांनी माझं बोट धरलं, वाचताना ओळीवर फिरवत होते ते, आणि सोडलंच नाही. म्हणजे तिनंच माझ्याकडून हो घेऊन टाकलं.

त्याच आठवड्यात ती गेली.

तुम्ही सगळे आला होतात तिला पोचवायला. तेव्हा तुम्ही बघितलं असेल, अक्का पुढे आल्या आणि तिच्या उशाशी एक फडकं ठेवलं, गाठ मारलेलं. जाणती माणसं म्हणाली, हे काय, असं आपल्यात नसतं. वसंतभाऊ म्हणाले, राहू द्या. वसंतभाऊ, तुमचे उपकार. त्यात दशम्या होत्या. दुधातल्या. अक्कांनी स्वतः केल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांना आता दिसत नाही तरी.

कुसुम म्हणायची, जो जातो त्याचा काळ थांबतो, मागे राहतात ते म्हातारे होतात. मला तेव्हा हिशेब नीट कळला नव्हता. आता कळतो. कुसुम आता आहे तेवढ्याच वयाची राहणार. मी म्हातारी होणार. दात पडतील. कमी दिसेल. आणि कधीतरी मी पण तिकडे जाईन, तेव्हा ती मला ओळखणार नाही, म्हणेल ही सिंधूची आजी दिसते. तेव्हा तिला काय विचारायचं ते मला पाठ आहे.

आता कामाचं बोलते. परवा बाया बसल्या होत्या दुःखाला. ठरलं म्हणे, वाचन आता बंद. कुसुमसोबत गेलं ते गेलं, तिच्या जागी कुणी बसायचं नाही, तोच तिचा मान. मंदा, तू पण मान हलवलीस. आणि सुनी मला विचारत होती, मावशी, आईची पुस्तकं कुणाला देऊ? शाळेला देऊ का?

सुनी, पुस्तकं कुठे जाणार नाहीत. माझ्या फडताळात जागा केली आहे. डाळींचे डबे खाली उतरवले.

आणि बायांनो, ऐका. वाचन बंद होणार नाही. मी वाचणार. मी वाईट वाचते. बोट ठेवून वाचते. एक पान वाचेपर्यंत तुमच्या सगळ्या लाट्या संपतील. कंटाळा आला तर कंटाळा, टीव्ही बघायचा तर घरी जाऊन बघा. अक्का एकट्या आल्या तर अक्कांना वाचून दाखवेन. तिच्या जागी बसून कुसुमचा मान जाणार नाही. तिथे कुणी बसलं नाही तर जाईल. आणि पुस्तकात जिथे लिहिलं असेल की अमुक बाई वारली, तिथे काय वाचायचं ते माझं मी बघेन.

पण मंडळी, एक ओळ मला बदलून वाचता येत नाही. परवापासून बघतेय. बाहेर फळ्यावर खडूनं लिहिली आहे, तिच्या नावाखाली. येताना वाचली. एकेक अक्षर बोट ठेवून वाचली. दशम्या घालून बघितल्या, ओटा घालून बघितला. नाही बदलत.

कुसुम असती तर तिला जमलं असतं.

आता पद्धत आहे, शेवटी उभं राहायचं आणि शांत राहायचं. उभे राहा. घड्याळात कुणी बघू नका. त्या दुपारी माझ्या घरी लाटणी थांबली होती ना, तशी शांतता मला हवी आहे. नुसती तोंडं बंद नकोत. हात थांबले पाहिजेत.

ती शांतता तेव्हा मी तोडली होती. आज माझ्यानं होणार नाही. मी आता खाली बघून उभी राहते.

पुरे झालं की कुणीतरी दुसऱ्यानं सांगा, पीठ वाळतंय.